दोन माना

दोन माना, आणि नाव सांगायला तोंड एकही नाही.
कास्तेलफिदार्दोतल्या माझ्या टेबलावर आडवी पडलीय,
बारा तारा वर, सहा खाली,
माथ्यावर चार बारीक भोकं:
कुणीतरी पाटी उपटून नेली.

मिलानचा दलाल म्हणाला, अमेरिकन ठरव, भाव चढेल.
मी मान डोलावली नाही.

स्क्रू एका खाचेचे.
पिकअपखाली वर्तमानपत्राची घडी,
फुटबॉलचा निकाल अर्धाच.
आणि अंगभर हे सेल्युलॉइड, शिंपल्याच्या पोटासारखं,
अॅसिटोनमध्ये मऊ करून ओढून बसवलेलं.
असा कोपरा गिटारवाला वळवत नाही.
असा कोपरा अकॉर्डियनवाला वळवतो.

त्या वर्षांत या गावचे भाते मिटत चालले होते.
पोरांना वीज हवी होती.

ओंदिनाबाईंना बोलावलं. वय ब्याऐंशी,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, पिशवीत कोबी.
त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही,
कोबी खाली ठेवला, अंगठा फिरवला
मागे, पुढे, मग दोन मानांच्या मधल्या
त्या चिंचोळ्या खोबणीत,
जिथे वाजवणाऱ्याचाही हात कधी जात नाही.
थांबल्या.

"कड उजवीकडून डावीकडे तासलीय.
नेल्सो. डावखुरा होता मेला."

मी वही ओढली.
निर्माता, या रकान्यात 'नेल्सो' लिहिलं,
पुढे पूर्णविराम देणार,
तोच त्या पिशवी उचलत म्हणाल्या,
"मधली खोबण मात्र त्याला कधीच जमली नाही.
त्याची बोटं जाड.
ती मी करायचे."

पेन टेकलं होतं.
उचललं.