वजाची रेघ

दुकानाबाहेरच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं, ठळक:
‘चष्मे उशिरा व चुकीचे मिळत आहेत.
कारण, गुरुवार पेठेतले मुलाणी.
आमच्याशी हुज्जत घालू नये.’

नारायण पेठेत वाचणारे भरपूर.
स्कूटर एका पायावर तोलून वाचायचे, हसायचे.
एकानं फोटो काढला.
एक म्हणाले, ‘पेठेतले’ नको, ‘पेठेतील’ करा.
केलं.
चार दिवस गल्ल्यावर ताठ बसलो.

पाचव्या दिवशी गेलो मुलाण्यांकडे
उरलेलं भांडायला.
जिन्याखालची खोली, काच घासायचं चाक,
बादलीत राखाडी गाळ,
आणि खिळ्याच्या तारेला ओवलेल्या माझ्याच चिठ्ठ्या,
खाली पिवळ्या, वर पांढऱ्या.
बाबालालनी हात पुसले, एक काढून दिली.
ताम्हनकर बाई. उजवा डोळा. सव्वादोन.
नुसतं सव्वादोन.
आधी वजाची रेघ हवी होती,
तांदळाएवढी. ती नव्हती.

‘रेघ राहते तुमची,’ ते म्हणाले, ‘दोन वर्षं झाली.
मी वहीत जुना नंबर बघतो, टाकतो मनानं.
या खेपेला मी सासवडला होतो, मयतीला.
पोरानं लिहिलंय तसं घासलं.’
मग म्हणाले, ‘चहा सांगू?’

फळ्याबद्दल अवाक्षर नाही.
वाचला असणारच.
त्यांचा भाचा दर शनिवारी काचा घेऊन येतो,
सायकल फळ्यालाच टेकवतो.

लक्ष्मी रोडनं चालत आलो. फडकं ओलं केलं.
दोनदा पुसूनही ‘मुलाणी’ पुसट राहिलंच,
काळ्यावर राखेसारखं.
त्यावरच लिहिलं, ‘चूक झाली होती.’
जणू ती आपली आपणच झाली,
शिंकेसारखी.
पुसलं.
‘चूक आमची होती.’
तीन शब्दांना अर्धा तास गेला.

दिवसभर कुणी थांबलं नाही. फोटो नाही, हसू नाही.
संध्याकाळी भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा
आत डोकावले: ‘कसली चूक?’
सांगितली. रेघेची, दोन वर्षांची,
आणि मुलाण्यांचं नाव लिहिल्याची.
‘मग ते लिहा की,’ म्हणाले, आणि गेले.

खडू घेऊन उकिडवा बसलो.
फळ्यावर खाली चार बोटं जागा उरली होती.
अक्षर बारीक करावं लागलं.