चिकटत नाही

दादांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला
नखाएवढं लोहचुंबक असायचं.
वागळे इस्टेट, सोळा नंबर रोड,
एकतीस वर्षं थ्रेड रोलिंगवर:
एकीकडून तारेचं भेंडोळं आत,
दुसरीकडून आटे पडलेले बोल्ट, गरम, तेलकट.

कळव्याच्या बाजारात दुकानदाराला घाम फोडत.
चुंबक टेकवलं आणि चिकटलं, की
"हे कसलं स्टेनलेस? वरून मुलामा, आत नुसतं लोखंड."
पितळेला मात्र मान. मऊ असतं,
पण खाडीच्या वाऱ्याला भीक घालत नाही.
जस्त चढवलेला स्क्रू म्हणजे लग्नापुरती पावडर.
आई विचारायची, माणसंही अशीच तपासता का?
ते हसायचे नाहीत.

मग मांडीचं हाड मोडलं. पट्टी, सहा स्क्रू.
भुलीतून उठल्यावर पहिला प्रश्न, "मटेरियल?"
टायटॅनियम ऐकून गप्प झाले.
किंमत विचारली. पुन्हा गप्प.

जवाहरबागेत अस्थी वेचताना
पाच माझ्या हाताला लागले. सहावा नाही सापडला.
आटे जसेच्या तसे, अंगावर निळसर झाक.
गुरुजी म्हणाले, हे यात नको.
मी किल्ल्या काढल्या, चुंबक टेकवलं.
नाही चिकटलं.

आता ते त्यांच्याच डब्यात आहेत,
वॉशर, पितळी खिळे, एक वाकडा मोळा, त्यांच्यात.
काल मोरीची कडी ढिली झाली,
निहारने डबा पेपरवर ओतला.
पेचकस डोक्यातच बसेना.
"यांचं काहीतरी वेगळंच आहे गं आत्या,"
म्हणाला, आणि बाजारात गेला.
जुडगा घेऊन.