दातांची खूण

व्हर्ना झ्विकर डबा कापायला घेते
तेव्हा आधी कानाशी धरून हलवते.
रिकामाच असतो. तरी हलवते.
मग डाव्या हातात ऑरिसचा चामडी हातमोजा चढवते.
उजव्या हाताचा समुद्राने ठेवून घेतला;
ऑरिस मात्र घरीच गेला, बिछान्यात, मार्चमध्ये,
सूप गरम नाही म्हणून कुरकुरत.

बाहेर लुनेनबर्गचा उतार, धुकं, धक्क्यावरचा भोंगा.
आत पत्र्याची करकर.

टॉफीचे डबे, बिस्किटांचे, मोहरीच्या पुडीचा एक पिवळा,
चहाचा एक, त्यावर उंटांचा तांडा.
उंट कुठे तुटेल ते ती बोटाने चाचपते.
"मान वाचव," मी म्हणते.
ती मान वाचवते. कुबड जातं.

दुसऱ्या खोक्यात काचेचे गोळे, सासूच्या वेळचे,
आतून कल्हई उडालेली.
फुटलेले ती टाकत नाही.
फुटकी बाजू भिंतीकडे, म्हणते,
माणसं फोटोला उभी राहतात तशी.

अर्धा डबा म्हणजे कोनाडा, कोनाड्यात एक गोळा,
टांगायला तार शेवंडीच्या जुन्या पिंजऱ्याची.
जीभ लावली तर अजून खारट लागते.
मी लावली.

तंबाखूचा डबा शेवटी राहिला.
तीन डिसेंबर तो शेवटीच राहतोय.
झाकणाच्या कडेला दोन बारीक खळगे:
दोन्ही हात दोराला गुंतले की
ऑरिस दातांनी उघडायचा.

या वर्षी तिने तो हलवला नाही.
सरळ कात्री लावली.
पाच टोकांचा तारा. खळगे मधोमध यावेत म्हणून
पेन्सिलीने आखलं होतं सगळं,
तरी ते एका टोकाला गेले, तिरके.
"जाऊ दे," म्हणाली, आणि चहा ठेवला.

शनिवारी चर्चच्या तळघरात विक्री.
एक बाई आली, बुटांवरून मॉन्ट्रियलची वाटली.
बिनकुबडाचा उंट घेतला, गोळा घेतला,
तारा उचलून दिव्याकडे धरला,
नखाने खळगे टोकरले.
"इथे चेपलंय. काही कमी होईल?"

मी कागदी पिशव्या मोजायला लागले.
व्हर्नाने चष्मा कपाळावर सरकवला,
पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघितलं.
"त्याचे दोन डॉलर वेगळे."

बाई हसली. व्हर्ना हसली नाही.
बाईने मुकाट्याने पैसे दिले.

आमच्याकडे दोन डॉलरचं एकच नाणं असतं.
चढावर, बर्फ चुकवत चालताना,
तिने खिशातून तो हातमोजा काढला,
नाणं आत टाकलं,
अंगठ्यापाशी पोचेपर्यंत झटकलं.

फाटकाशी थांबून कानाशी धरला.
मी विचारलं नाही काय ऐकू आलं.
एकट्या नाण्याचा आवाज होत नाही.