साडेतीन फूट

रस्ता तीनदा झाला आमच्या दारातून.
खडी, मग डांबर, मग काँक्रीट,
दरवेळी जुन्याच्या अंगावर नवा.
घर होतं तिथंच राहिलं.
आता रिक्षातून उतरणारा माणूस
आमच्या खिडकीत वरून बघतो,
आणि गटारीचं पाणी तर कुणाला विचारतच नाही.
मागच्या सप्टेंबरात माग वीतभर पाण्यात उभा होता,
विणून झालेल्या टॉवेलांचा रोल
चिखल पिऊन फुगलेला.

पाडून बांधा, म्हणाला हलकुडे मेस्त्री.
भिंतीला हात लावला नाही,
चहा गार व्हायच्या आत
घर पाडून मोकळा झाला.
अम्मानं अर्धी कपबशी तशीच उचलली.

मग जॅकवाला, थेट हरियाणाचा.
त्याच्या मोबाईलवर तीन मजली इमारत
गाणं लावून वर चढत होती.
साडेतीन फूट, अठरा दिवस,
आतली भांडीसुद्धा हलवू नका म्हणाला.
नानांनी विचारलं, मागाचं काय?
मशीन म्हणजे मशीन, तो म्हणाला.
मिनिटाला शंभरदा जमिनीला धक्का देतं ते मशीन,
हे त्याला ऐकायचं नव्हतं.
खूश गिऱ्हाइकांचे सतरा नंबर देऊन गेला.
मी सहा लावले. सगळे खूश.
एक तर मी नाव सांगायच्या आतच खूश.

बशीर नदाफ ऐन दुपारी आला, सायकल ढकलत.
दोनशे जॅक आहेत, निम्मे भाड्याचे,
हे न विचारता सांगितलं.
माग चालू करा, म्हणाला,
आणि तळहात भिंतीला टेकवून उभा राहिला,
डॉक्टरसुद्धा थांबत नाही इतका वेळ.
पेलाभर पाणी मागितलं. वाटलं, प्यायला.
त्यानं पेला फरशीवर ठेवला,
पाणी थरथरत होतं, त्याकडं बघत म्हणाला,
मागचा कोपरा बसलाय की ओ तुमचा.
नंबर मागितले तर एकच पत्ता दिला.
नीलम नगर, टाकीच्या मागं.
"ते घर माझ्या हातून चिरलंय. आधी ते बघून या."

गेलो. मी आणि अम्मा.
बाई विड्या वळत बसल्या होत्या.
हात न थांबवता, मानेनंच दाखवलं.
खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडं निघालेली भेग,
आणि ती जिथं संपते तिथं पेन्सिलीची आडवी रेघ.
रेघेशेजारी तारखा, अकरा.
वर्षातून दोनदा येतो, म्हणाल्या,
भेग पुढं सरकली का बघतो, तारीख घालतो, जातो.
मजुरीतले निम्मे परत दिले त्यानं.
राग नाही आला? अम्मानं तेलुगूत विचारलं.
बाईंनी दोरा दातानं तोडला.
"आला की. चार वर्षं होता.
मग कंटाळा आला."

येताना अम्मा गप्प होती.
अशोक चौकात उतरून
पाव किलो शेंगाचटणी घेतली,
घरी येऊन नानांना म्हणाली,
सोमवारपासून माग बंद ठेवा.

नानांची एकच अडचण होती.
गुडघा दाखवून म्हणाले, बशीरभाई,
घर वर गेल्यावर पायऱ्या किती?
चार, तो म्हणाला.
मग बाहेर काँक्रीटकडं बघून हसला.
"काळजी करू नका नाना,
रस्ता परत होईलच.
एक पायरी आपोआप कमी."