बुधवारची पाळी

दारूखान्याच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, चौथी ब.
खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत
दोरी मीच बांधली.
कपड्यांचे चिमटे घरून आणले, आणि म्हटलं,
रोज एक कागद. आज काय कळलं ते लिहायचं.
काय नाही कळलं, तेही.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सगळं कळलं होतं.
'आज मला गणित कळले.' 'आज मला परिसर कळला.'
छत्तीस कागद, समास आखलेले,
आणि सहीसाठी माझ्या टेबलाशी रांग.
मी सही केली नाही.
दोरी तुमची, म्हटलं. तुम्हीच सांभाळा.

मग पाळ्या लागल्या.
सोमवार चैतालीचा. ती ऱ्हस्व-दीर्घावरून भांडते.
मंगळवार इलियासचा. तो चिमटे रंगवार लावत बसतो,
तेवढ्यात मधली सुट्टी संपते.
बुधवार धम्मदीपचा,
आणि त्यानं पहिल्याच बुधवारी
स्वतःचा कागद मधोमध टांगला:
'हातचा एक कुठून येतो मला कळत नाही.
दुसरीपासून कळत नाही.'

हसतील, असं मला वाटलं.
गुरुवारी त्या कागदाला शेपूट फुटलं होतं.
एक चिठ्ठी: 'शेजारच्या घरातून येतो.'
एक: 'मला पण नाय कळत, तरी उत्तर बरोबर येतं.'
आणि एका चिमट्यात आईस्क्रीमच्या काड्या, सुट्या, तेरा,
सोबत केसांचा रबर.
'दहा झाल्या की बांध. मग सांग किती घरं.'
खाली नाव नव्हतं.
त्या दिवशी कुणाचे केस मोकळे होते,
ते मी पाहिलं, बोलले नाही.

दिवाळीनंतर कावेरीचा कागद आला.
'माझे पप्पा जहाज कापतात.
कापलेला पत्रा पाण्यात पडला तर बुडतो.
मग अख्खं जहाज आलं कसं?'

मला उत्तर येत होतं.
एक मोठा शब्द जिभेवर येऊन उभाच होता,
पाठ्यपुस्तकातला, जाड ठशातला.
नऊ दिवस मी तो गिळत राहिले.

'देव धरतो.'
'मग पत्रा का नाय धरत?'
'इंजिन असतं म्हणून.'
'बंद पडलेलं पण तरंगतं. माझ्या चाचांनी बघितलंय.'
दहाव्या दिवशी वर्गात बादली आली, शिपाईमामांना न विचारता.
चमचा बुडाला.
चमच्यापेक्षा जड डबा, भाजीच्या वासासकट,
डुलत राहिला.
'पोकळ आहे. आत हवा बसलीय,' इलियासनं लिहिलं,
कागदाचा कोपरा ओला.
त्याखाली कावेरी, बारीक अक्षरात:
'म्हणजे कापलं की हवेला बसायला जागा राहत नाही.'

मी ते वाचलं आणि हजेरी घ्यायची विसरले.

पालकसभेला तिचे वडील उशिरा आले.
मला काही विचारलं नाही.
नळावर हात धुऊन आले, पुन्हा धुऊन आले,
मग दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
ओठ हलवत वाचत गेले.
'बाई, मी लावला तर चालेल का एक?'

आज बुधवार आहे, मी म्हटलं, त्याला विचारा.
आणि हातावर ठिणग्यांचे डाग असलेला तो माणूस
साडेनऊ वर्षांच्या धम्मदीपसमोर
किंचित वाकून उभा राहिला.
धम्मदीपनं विचार केला.
पाठकोरा कागद दिला, पेन्सिल दिली, टोक तपासून.

बाकावर गुडघे मावेनात. तसेच बसले. बराच वेळ लागला.
'जाहाज आलं तेव्हा बुडाला शिंपले चिकटून होते.
आपल्याकडचे नव्हते.
कुठच्या पान्यातले मला आजून कळलं नाही.'

माझा कागद अजून पर्समध्येच आहे,
दोनदा लिहून दोनदा दुमडलेला.

धम्मदीपनं निळा चिमटा निवडला,
टाचा उंचावून कागद टांगला,
मागे सरून पाहिलं.
'ठीक आहे काका,' म्हणाला,
'शुद्धलेखन चैताली सोमवारी बघेल.'