पाचाचा आकडा

शिरोलीच्या भट्ट्यांवरच माझा संशय होता.
गॅलरीत डबी टांगली: पाइपच्या तुकड्यात सेन्सर,
बोटाएवढा पंखा, पावसासाठी वर श्रीखंडाचं झाकण.
आणि दुधाच्या वहीत
रतिबाशेजारी धूळ मांडू लागले.

रात्री अकरा, चौसष्ट. दोन, एकोणपन्नास.
पहाटे पाच, तीनशे बारा.
रोज. पाचालाच.

उत्तरेश्वरातनं अफसानाचा फोन,
"वैनी, माझीबी पाचालाच उडतीया."
फुलेवाडीचंही तेच.

आज साडेचारला उठून
मागच्या जिन्यात बसले, वही मांडीवर.
पाचाला मामंजी आले, खाकरले,
बंब पेटवला:
करवंट्या, तुटकी चप्पल,
वर कालची दुधाची पिशवी.

तीनशे नऊ, मी लिहिलं.
मग शेजारी, बारीक अक्षरात,
आमच्या आंघोळीचं पाणी.