फाळका

नवा ट्रक मी अंगणात आणला नाही.
रस्त्यावरच उभा केला, टपालपेटीच्या पलीकडे,
दोन चाकं बर्फाच्या चिखलात.
या घरात काय चालतं, काय चालत नाही
ते मला कुणी सांगायला नको.
आयुष्यात मी पहिल्यांदा अक्षरं जुळवून वाचली
ती युनियन हॉलच्या फाटकावरची पाटी:
परदेशी गाड्या ओढून नेल्या जातील.

आमच्या गल्लीत ट्रक म्हणजे गोत्र.
ऑरविलकाकांनी चर्च बदललं, बायको बदलली,
जाळीवरचं चिन्ह नाही बदललं.
माझा भाऊ डुएन,
कंपनीनं दोनदा घरी बसवलेला,
त्याच कंपनीची टोपी घालून
बेकारभत्त्याच्या रांगेत उभा राहायचा.

मी नालबंद आहे.
आठवड्याला तीसेक घोडे, ऐरण, गॅसची भट्टी,
वर मागे ट्रेलर.
मला ओढणारं जनावर लागतं.
मी जात विचारत नाही, खूर बघते.
हे वाक्य मी येताना पाठ केलं होतं,
सव्वीस मैल, मोठमोठ्यानं.

बाबांनी विचारलंच नाही.
खिडकीतून पाहिलं, सूप संपवलं, बूट चढवले.
त्यांचा उजवा कान गेलेला,
म्हणून मी डावीकडून चालले.
एकतीस वर्षं फाळके बसवले त्यांनी,
शिफ्टला चारशे दहा.
बिजागरी, साखळी, कडी
आणि शेवटी एक दणका.
नीट बसला की नाही ते दणक्यावरून कळायचं.
कान त्या दणक्यांना गेला,
दोन बोटं एका बिजागरीला.

काचेच्या कोपऱ्यातल्या नंबरावर त्यांनी टॉर्च मारला,
पत्रिकेत मंगळ शोधावा तसा.
पहिला आकडा पाच.
म्हणजे जन्म इथलाच,
खाली टेक्सासच्या उन्हात कुठेतरी.
त्यांच्या स्वतःच्या ट्रकचा नंबर तीननं सुरू होतो.
मेक्सिको.
घरात सगळ्यांना ठाऊक होतं
आणि आजवर कुणी बोललं नव्हतं.
मीही बोलले नाही.

"तिथे युनियन नाही," ते म्हणाले.
एवढंच.
आणि ते खरं होतं.
सव्वीस मैलांची माझी तयारी
तोंडातल्या तोंडात विरघळली.

मग ते मागे गेले.
कडी उचलली
आणि सवयीनं एक पाऊल मागे सरले, दणक्यासाठी.
फाळका खाली आला,
झोपलेलं पोर खाटेवर टेकवावं तसा,
सावकाश, आवाज न करता.
बाबांनी डावा कान पुढे केला.
थांबले.
मला विचारलं, "पडला?"
"पडला."
"हं."

रात्री हरणांच्या शिकारीचा विषय निघाला,
डुएनच्या गुडघ्याचा निघाला,
ट्रकचा नाही.
मी माझ्या जुन्या खोलीत झोपले,
जिथे आता आईचं शिलाईयंत्र आणि टायर ठेवतात.
दोन-अडीचला दार वाजल्यासारखं वाटलं.
वारा असेल म्हटलं.

सकाळी अंगणातला बर्फ ओढून झाला होता,
बरोबर टपालपेटीपर्यंत.
त्यापुढचा रस्ता सरकारचा.
माझ्या ट्रकच्या टपावर वीतभर बर्फ, काचेवर वीतभर,
फक्त फाळका मोकळा.
नंतर पडलेल्या पातळ भुरभुरीखाली
पंजाचे ठसे, एकावर एक,
किती वेळा ते मोजता येईना.
अंगठा आणि दोन बोटं.

बाबा स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते, पाठमोरे.
"गाडीवर बर्फ साचलाय तुझ्या," म्हणाले,
"झाडून घे निघण्याआधी."

मी टप झाडला, काच झाडली, दोन्ही आरसे.
फाळक्याला हात लावला नाही.
पहिला तबेला अकरा मैलांवर होता
आणि वाटेत ऊन पडलं.